वीतभर लाटेवर उभी कौसाताई

कौसाताई बसायची नाही. म्हणजे जेवायला बसायची, विहारात वंदनेला बसायची, माणूसच होती ती. पण कुणाच्या घरी गेली, समोर खुर्ची आली, की ही आपली दाराच्या चौकटीशी उभी. हातात चहाचा कप, एक पाय पुढं, एक मागं, आणि तोंडाची टकळी चालू. "अगं, टेक की जरा," म्हटलं की म्हणायची, "तू टेक मंदे. तुला गरज हाय." मी अंगानं भरलेली आहे हे त्या बाईनं मला शेवटपर्यंत विसरू दिलं नाही.

घोरावाडीला स्टेशनजवळ आमची दारं समोरासमोर. माझा केटरिंगचा धंदा, दारात टेम्पो, अंगणात पातेली. ती एसटीत कंडक्टर. नवरा डेपोत मेकॅनिक होता, तो तरुणपणी गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. तेव्हा बाई कंडक्टर म्हटलं की लोक मान वळवून वळवून बघायचे. ही खाकी साडीचा पदर खोचून लोणावळ्याहून कार्ले, कामशेत करत पवनानगरला जायची. तो रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला ठाऊक, सरळ पट्टा कमी आणि वळणं फार. कौसाताई दांडा धरायची नाही. कमरेची एक बाजू सीटच्या कडेला लावायची, गुडघे सैल सोडायचे, की दोन्ही हात तिकिटाला मोकळे. गाडी इकडं झुकली की ही तिकडं. मी कितीदा तिच्या गाडीनं गेले, तिचा तोल गेलेला मी पाहिला नाही.

तिची स्वतःची सीट असायची, पण त्या सीटवर कधी बाळंतीण, कधी काठीवाले आबा, एकदा तर कोंबड्यांची पाटी. एक इस्त्रीच्या कपड्यातला गृहस्थ मिशीत हसत म्हणाला होता, "मॅडम, पडाल. या, माझ्या शेजारी बसा." ही तिकीट फाडता फाडता म्हणाली, "पडले तर तुमच्यावरच पडंन भाऊ. मग तुमी उठाल का?" अख्खी गाडी हसली. तो बिचारा पुढच्याच स्टॉपला उतरला, त्याचं गाव तिथं होतं की नव्हतं देव जाणे.

अशी बाई एक दिवस पडली. कार्ल्याच्या पुढं, साध्या वळणावर, भर दुपारी. ती सांगायची, "गाडी न्हाई मंदे, समदं आभाळच फिरलं." लोकांनी उचलून सीटवर बसवलं, पाणी पाजलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या आत माणसाचा तोल सांभाळणारी जागा असते, ती बिघडलीय. औषध चालू झालं. चक्कर कमी झाली, पण पुरती गेली नाही. डेपोनं तिला हलकं काम दिलं, चौकशीच्या खिडकीमागं खुर्चीत. थोडे महिने तिनं ते केलं आणि मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळी झाली. मी म्हटलं, बाई, चांगलं बसून खायचं काम होतं. ती म्हणाली, "बसून खायाला मी काय पितरपाटात आलीया व्हय?"

आणि मग सुरू झाल्या खुर्च्या. अहो, जिकडं जाईल तिकडं खुर्ची! किराणा घ्यायला गेली, वाण्यानं स्टूल पुढं केलं. लग्नाला गेली, पोरं खुर्ची घेऊन मागं मागं. लोकांचं प्रेमच होतं, नाही म्हणत नाही मी. पण प्रेमानंही माणसाचा जीव गुदमरतो.

सगळ्यात जास्त जपायचा तिचा मुलगा प्रशांत. गुणी पोरगा. वाकडला फ्लॅट, कंपनीत चांगली नोकरी, बायकोही समजूतदार. बापाला लहानपणीच गमावलेलं, त्यामुळं आईला नुसता ठसका लागला तरी ह्याचा चेहरा उतरायचा. त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं कामशेतला. मंगलगाथा सुरू झाली, सगळे हातात फुलं घेऊन उभे राहिले. कौसाताईही उठली. तर प्रशांतनं तिच्या खांद्यावर हात ठेवून दाबलं, "आई, तू बस. तुला कुणी काही म्हणणार नाही." ती बसली. गाथा संपेपर्यंत बसली. फुलं तिच्या मुठीतच राहिली. मग सगळं आटोपल्यावर, जेवणाच्या पंगतीपाशी, ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता बोलली.

"परशा, माझ्या आज्याला पाटलाच्या ओट्याम्होरं बसायची चोरी हुती. दिवसदिवस उभं ठिवायचे. का? तर बसला म्हंजी बरोबरीला आला. आन् आता तुमी मला उभं ऱ्हाऊ देत न्हाई. आज्याला बसू दिलं न्हाई, नातीला उठू देत न्हाई. आमी कवा बसायचं, कवा उठायचं, हे आमचं आमी ठरवायचं का न्हाई?"

पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, "आई, ते वेगळं आणि हे वेगळं. मला तू हवी आहेस." ती म्हणाली, "मी हायेच की. पर उभी."

डॉक्टरांनी तिला व्यायाम दिले होते. भिंतीजवळ मऊ उशी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, नजर समोर एका जागी. हे ती नेमानं करायची. रोज सकाळी मी फोडणी टाकायला घेतली की समोरच्या खिडकीत कौसाताई उशीवर उभी दिसायची, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत. मी ओरडायचे, "झालं का पारायण?" ती ओरडायची, "बघत बसलीस तर करपंल फोडणी!"

निवृत्तीनंतर ती माझ्याबरोबर कामाला यायला लागली. पवना धरणाच्या काठावर तंबूंचे कॅम्प आहेत, त्यातल्या बाळासाहेबाच्या कॅम्पला माझं जेवण जायचं. तिथं एकदा दुपारी आम्ही पातेली उतरवत होतो आणि पाण्यावर शहरातल्या दोन पोरी लांबलचक फळ्यांवर उभ्या राहून वल्हं मारत चालल्या होत्या. एक धप्पकन पडली. वर आली, खिदळली, पुन्हा चढली, पुन्हा उभी. कौसाताईच्या हातात वरणाचं पातेलं तसंच. म्हणाली, "मंदे, बघ. ही पडली, आन् कुणी तिला खुर्ची आणली न्हाई."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, पातेलं ठेव आधी, वरण सांडेल.

आठवड्याभरात तिनं कॅम्पवाल्या बाळासाहेबाला गाठलं. तो मोठा अदबशीर माणूस. म्हणाला, "मावशी, खुशाल बसा फळीवर. गुडघ्यावर बसून वल्हवायचं, लय मजा येती." कौसाताई म्हणाली, "बसायचंच असतं तर घरी पाट हाय माझा." तिथंच तिला कळलं की संथ पाण्यावर उभं राहणं ही पहिली यत्ता. ह्यातले खरे दर्दी वाऱ्याच्या लाटेवर फळी घालतात, लाट त्यांना पुढं नेते. मे महिन्यात दुपारनंतर तुंग किल्ल्याच्या अंगानं वारा सुटतो, तेव्हा पवनेवर वीतभर, हातभर लाटा उठतात. समुद्रवाले हसतील अशा लाटांना. हसू देत. कौसाताईच्या डोक्यात ती लाट शिरली ती शिरलीच.

हे प्रशांतच्या कानावर गेलं. कसं गेलं? माझ्याच तोंडून, दुसरं कसं जाणार! तो दुसऱ्याच दिवशी हजर. म्हणाला, आता बास झालं, तू एकटी राहायचंच नाही, जूनपासून आमच्याकडं यायचं. खोली तयार आहे, गॅलरीत झोपाळा लावलाय. कौसाताईनं त्याला पोटभर जेवू घातलं. मग म्हणाली, "पाऊस लागायच्या आत मी लाटंवर उभी राहिले, लाटंबरोबर काठापतूर आले, तर मी हितंच ऱ्हाणार, माझ्या घरात, आन् तू पुन्ना खुर्चीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई जमलं, तर बोचकं बांधून तुझ्यासंगं येते, झोपाळ्यावर बसते, म्हणशील तवा उठते. बोल."

पोरगा हो म्हणाला. त्याला वाटलं, ही जिंकणं शक्यच नाही. खरं सांगू, मलाही तेच वाटलं.

फळी घ्यायला आम्ही लोणावळ्यापाशी वलवणला गेलो. तिथं एकजण पाण्यावरच्या खेळाचं जुनं सामान विकायचा. पोरगा शांत, समजावून सांगणारा. त्यानं आधी हवा भरायची फळी दाखवली, जाड आणि रुंद. "ही एकदम स्थिर आहे मावशी. गुंडाळून नेता येते." कौसाताईनं विचारलं, "लाट घेती का ही?" तो म्हणाला, घेते, पण लाटेवर जरा वाकते, मग वेग मरतो. दुसरी लांब, अरुंद, टोकदार. ती सरळ लांब पल्ल्याला छान, पण वळता वळत नाही. मग त्यानं सांगितलं ते माझ्याही डोक्यात शिरलं. लाट लहान असली की तिच्यात ढकलायचा जोर कमी. म्हणून फळी रुंद हवी, आपलं वजन सहज पेलेल एवढं तिला पोट हवं, नाक गोल आणि थोडं वर उचललेलं, म्हणजे ते पाण्यात खुपसत नाही. लांबी बेताची, म्हणजे वळवता येते.

"म्हंजी दुबळ्या लाटंला धट्टीकट्टी फळी," कौसाताई म्हणाली.

"अगदी बरोबर."

"मग मंदेलाच घालू की पाण्यात!"

दुकानदार कसनुसं हसला, मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पण एवढ्यावर ती थांबते थोडीच. तिनं टायरची हवा भरलेली ट्यूब मागवली, फळी त्याच्यावर आडवी ठेवायला लावली, चपला काढून वर चढली आणि आम्हाला म्हणाली, "हलवा." एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. "तसं न्हाई. घाटातल्यावानी हलवा." रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एक एक करून सगळ्या फळ्या तशा पारखल्या आणि शेवटी एक घेतली, कधीकाळी निळी असलेली, शेपटीपाशी फुटून सांधलेली. मी म्हटलं, अगं, डागडुजीची आहे. "मी तरी कुटं नवी हाय?" ती म्हणाली. वल्हं घेताना तिनं ते उभं धरून हात डोक्यावर नेला, मनगट वल्ह्याच्या मुठीवर टेकेल एवढी उंची. पायाला बांधायची दोरी घेतली, अंगात घालायचं तरंगतं जाकीट घेतलं. धाडस करायची, पण वेडेपणा करायची नाही, हे मी तिच्या बाजूनं शपथेवर सांगेन.

टेम्पोत खाली पातेली, वर फळी, अशी आमची वरात पवनेला जायला लागली. मी मसालेभात उतरवायचा आणि ही पाण्यात उतरायची. पंजाबी ड्रेस, वर ते लाल जाकीट. आधी गुडघ्यावर, मग एक पाऊल, मग दुसरं. उभी राहायची आणि क्षणात धप्प. पुन्हा चढायची, पुन्हा धप्प. आणि गंमत म्हणजे दर वेळी एकाच बाजूला, उजवीकडं मागं. चक्कर म्हणावी, तर ती म्हणायची चक्कर नाही. बाळासाहेब काठावरून हात जोडायचा, "मावशी, बसा ओ!" कॅम्पवरचे पाहुणे फोनवर शूटिंग करायचे. मी झारा घेऊन त्यांच्यावर धावले एकदा. तुमच्या आईचं करा म्हटलं, हिचं नाही करायचं.

असे कितीतरी दिवस गेले. मे अर्धा सरला. एक दिवस पडून वर आली ती फळीला लोंबकळत हसतच सुटली. इतकी हसली की मला वाटलं, पाणी गेलं डोक्यात.

"मंदे! अगं, माझी कंबर सीट शोधतीया!"

आणि खरंच की! इतकी वर्षं गाडी हलली की हिची उजवी कंबर आपोआप सीटच्या कडेला टेकायची. आता फळी हलली की कंबर निघाली टेकायला, आणि तिथं सीट कुठली, नुसती हवा. लोक समजत होते बाई आजारानं पडतेय. बाई पडत होती नोकरीनं! आम्ही दोघी त्या काठावर अशा हसलो की ऊन करायला ठेवलेला भात खाली लागला.

ते एकदा समजल्यावर मग ती तो टेका विसरायच्या मागं लागली. सोपं नव्हतं ते. अंगात मुरलेली सवय शिकण्यापेक्षा मोडणं अवघड. दोन्ही पाय फळी उचलायच्या मधल्या मुठीच्या अल्याड-पल्याड, बोटं नाकाकडं, गुडघे सैल, आणि नजर खाली पाण्यावर नाही तर लांब डोंगरावर. पाण्याकडं बघितलं की तिला गरगरायचं. डोंगराकडं बघितलं की नाही. घरी ती उशीवर उभी राहायची ते आता भिंत सोडून, खोलीच्या मधोमध. हळूहळू संथ पाण्यावर ती उभी राहायला लागली, वल्हं मारत फिरायला लागली. पण लाट हुकायची. वारा सुटला की फळी आडवी व्हायची आणि हिची आंघोळ. मे संपत आला.

कौसाताई आता नाही. कशी गेली ते मी सांगणार नाही, जाणं सगळ्यांचं सारखंच. गेल्यावर माणसाला आडवं ठेवतात. मी गर्दीच्या मागं उभी राहिले आणि त्या बाजूला पाहिलंच नाही. लोकांनी नावं ठेवली, एवढी जिवाभावाची म्हणवते आणि तोंड बघितलं नाही. ठेवू देत. मला विचाराल तर मी कौसाताईला शेवटची पाहिली ती मेच्या त्या शेवटच्या रविवारी, पैजेच्या दिवशी.

प्रशांत ठरल्याप्रमाणं गाडी घेऊन आला होता, थेट पवनेवर. डिकी रिकामी करून आला होता, तिचं सामान न्यायला. पश्चिमेला आभाळ भरलेलं आणि तुंगकडून असा वारा सुटला की तंबूंचे दोर वाजायला लागले. बाळासाहेबानं शिट्टी मारून सगळे पाहुणे पाण्याबाहेर काढले. लाटा काठावर चुबुक चुबुक आपटत होत्या. कौसाताईनं जाकिटाचे पट्टे आवळले.

बाळासाहेब आडवा आला. "मावशी, आज न्हाई. आज कुणालाच न्हाई."

"आजच," ती म्हणाली. "संथ पाण्याला मी काय करू? मला लाट पायजे, आन् लाट आज आलीया. तुमी नाव घेऊन शेजारी ऱ्हावा. छातीभर पाण्याच्या पुढं मी जात न्हाई. पर अडवू नका भाऊ. माझं घर जातंय."

त्यानं प्रशांतकडं बघितलं. मग बाळासाहेबानं स्वतः नाव पाण्यात ढकलली.

गुडघ्यावर बसून ती आत गेली, वाऱ्याच्या तोंडावर. फळी वळवली, नाक काठाकडं केलं, उभी राहिली. पहिली लाट पायाखालून निघून गेली. दुसऱ्या लाटेला फळीची शेपटी उचलली आणि ती फेकली गेली. प्रशांत ओरडला, "आई, बस! आई, फळीवर बस!" ती चढली. बसली नाही. पुन्हा उभी राहिली आणि मला काठावरून दिसलं, ती हलतेय, फळी नाही, तीच हलतेय. डोकं फिरायला लागलं होतं तिचं. तिनं डोळे वर उचलले आणि विसापूर किल्ल्याच्या कड्यावर लावले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले मी.

मागून लाट आली. केवढी? वीतभर, फार तर वीत आणि चार बोटं. तिनं मान वळवून ती पाहिली, वल्ह्याचे भराभर हात मारले. फळी उचलली गेली. उजवा पाय मागं गेला, गुडघे वाकले, कंबर कुठं टेकायला गेली नाही. आणि फळी सुटली. अहो, वल्हं न मारता सुटली! वल्ह्याचं पातं नुसतं पाण्यावर टेकवलेलं, ओढणी वाऱ्यावर, आणि बाई त्या लाटेच्या पुढं पुढं, काठाकडं, आमच्याकडं, ताठ. मी किंचाळत होते. कॅम्पवरचे लोक टाळ्या पिटत होते. फळी चिखलाला लागून थांबली, तरी कौसाताई उभीच होती.

प्रशांत कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची उचलून पाण्यात धावला. घोटाभर पाण्यात ती रोवली, हात पुढं केला. "आई," एवढंच म्हणाला, "आई, तू... बस आता. घर तुझंच. पण बस."

तिनं त्याचा हात घेतला नाही. आपली आपण उतरली. पायाची दोरी सोडली नाही. पोराच्या तोंडावर ओला हात फिरवला आणि खाली बघितलं. तो बूटमोज्यांसकट पाण्यात उभा होता.

"तूच बस, लेका," ती म्हणाली. "घाबरलास."

त्याच्या खांद्यावर तिनं हात ठेवला आणि दाबलं. तो मुकाट्यानं खुर्चीत बसला. कौसाताईनं फळीचं नाक पाण्याकडं फिरवलं आणि दुसरी लाट घ्यायला निघाली.